दुखत नाही, म्हणूनच बघा!

पोटावर बॅग लावून जगणारी माणसं आपल्या आजूबाजूला असतात, पण आपल्याला पत्ताच नसतो. माझ्या जालन्याच्या मामांच्या पोटावर गेली दोन वर्षं अशी बॅग आहे. एका रात्री त्यांच्या स्टोमाचा रंग बदलला आणि आमच्या अख्ख्या घराला एक धडा मिळाला. तो तुमच्याही कामी येऊ शकतो...

मंगळवार. रात्रीचे साडेअकरा. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉपसमोर बसून मी एका नव्याकोऱ्या कॅफेचा रिव्ह्यू संपवत होते. सकाळी डेडलाइन, शेजारी मॅगीचा वाडगा. एकदम नेहमीचा सीन! तेवढ्यात व्हॉट्सअॅपवर मामींचा फोटो आला. आधी वाटलं, त्यांनी केलेला काहीतरी पदार्थ असेल. मोठा करून पाहिला आणि वाडगा बाजूला सरकवला.

मामांच्या पोटाचा फोटो होता. डाव्या बाजूला बाहेर काढलेलं आतड्याचं तोंड. एरवी ते लालचुटुक असतं. त्या रात्री त्याची खालची कड पिकलेल्या जांभळासारखी दिसत होती.

खाली मामींचा मेसेज : 'रंग बघ गं. मामा म्हणायलेत काही नाही, दुखत नाही.'

दुखत नाही! पुढच्या तीन-चार तासांत हे दोन शब्द आम्ही किती वेळा ऐकले असतील, मोजदाद नाही.

मूळव्याध समजून सहा महिने

थोडं मागे जाऊ. 'जालना सोने का पालना' असं आमच्याकडे म्हणतात. पण खरं तर हे शहर बियाण्यांचं. मोंढ्यात मामांचं बी-बियाण्याचं दुकान आहे. मूठभर सोयाबीन तळहातावर घेऊन नुसत्या रंगावरून 'हे उगवायचं नाही' म्हणून सांगणारा हा माणूस! दोन वर्षांपूर्वी शौचातून रक्त जायला लागलं, तेव्हा त्यांनी स्वतःच निदान केलं : मूळव्याध. मग सहा महिने कुणी सांगितलेलं चूर्ण, कुणी दिलेला काढा. शेवटी वजन उतरलं, तेव्हा मामींनी ओढत डॉक्टरकडे नेलं. कॅन्सर निघाला. गुदाशयाचा, तोही अगदी खाली, गुदद्वाराजवळ.

छत्रपती संभाजीनगरला ऑपरेशन झालं. सर्जननी गाठीसकट गुदद्वार काढलं आणि मोठ्या आतड्याचं टोक पोटावर आणून शिवलं. याला म्हणतात कोलोस्टॉमी. पोटावरचं ते तोंड म्हणजे स्टोमा. त्याभोवती कातडीला चिकटणारी एक चकती लावतात, ती बेसप्लेट, आणि तिच्यावर बसते बॅग. शौच बॅगेत जमा होतं. स्टोमाला आवळून धरणारा स्नायू नसतो, त्यामुळे 'येतंय' म्हणून थांबवता येत नाही.

आतडं बरं होईपर्यंत तात्पुरती कोलोस्टॉमी केली, तर काही महिन्यांनी ती बंदही करतात. मामांची मात्र कायमची. आणि हो, हे फक्त वयस्कर माणसांचं दुखणं आहे असं समजू नका. अपघात, आतड्याचे जुनाट आजार, जन्मतःच असलेला दोष... कारणं बरीच आहेत. तुमच्या ऑफिसात पलीकडच्या क्यूबिकलमध्ये बसणाऱ्या कुणाच्या शर्टाखालीही बॅग असू शकते. कपड्यांवरून कळतही नाही!

मामांनीही कुणाला कळू दिलं नव्हतं. इन केलेला शर्ट गेला, ढगळ शर्ट आले. लग्नाची पत्रिका आली की 'दुकानात गर्दी आहे' हे ठरलेलं उत्तर. हुरडा पार्टीला एरवी पहिला मान त्यांचा, तिथेही जाणं बंद. बाथरूमचं दार लावून सगळं स्वतःच करायचे. मामींनाही आत प्रवेश नाही.

रात्रीचे पाच प्रश्न

मामींकडे डिस्चार्ज कार्डावर स्टोमा नर्सचा नंबर होता. मध्यरात्री कसा करायचा, म्हणून त्या संकोचत होत्या. मी पुण्याहून केला. दुसऱ्याच रिंगला उचलला, आणि एका दमात पाच प्रश्न आले.

स्टोमा ओला, चकचकीत आहे की कोरडा? जांभळा रंग कडेलाच आहे की सगळीकडे? बॅगेत शौच आणि वारा येतोय का? पोट फुगलंय का, उलटी झालीय का? आणि बेसप्लेट कधी बदलली?

मी कॉन्फरन्स कॉलवर मामींना घेतलं. स्टोमा ओला होता. रंग खालच्या निम्म्या भागात. शौच सकाळी झालं होतं, रात्री नाही. उलटी नाही. प्लेट चार दिवसांपूर्वीची.

'प्लेट काढून ठेवा, परत लावू नका. वर स्वच्छ ओला गॉझ ठेवा आणि आत्ता निघा. सकाळची वाट बघू नका,' नर्स म्हणाल्या. मागून मामांचा आवाज, 'अहो सिस्टर, पण दुखत नाही मला!' तशा त्या शांतपणे म्हणाल्या, 'काका, तो दुखणारच नाही.'

झालं असं, की आतड्याच्या अस्तराला आपल्या कातडीसारखी वेदना कळत नाही. स्टोमाला चिमटा काढा, कापलं जाऊ द्या, तो गप्पच राहतो. आतून कळ येते ती आतडं ताणलं गेलं तर. बाहेरच्या तोंडाला काय होतंय ते अंगाला कळतच नाही. ते डोळ्यांनीच बघायचं असतं. म्हणजे रंग हीच स्टोमाची भाषा!

काचेची नळी आणि टॉर्च

मामेभावाने गाडी काढली. जालना ते संभाजीनगर साठेक किलोमीटर. मी इकडे पुण्यात फोन कानाला लावून फ्लॅटमध्ये येरझाऱ्या घालत होते. कॅफेचा रिव्ह्यू गेला खड्ड्यात...

दीडच्या सुमारास ड्यूटीवरच्या सर्जननी बघितलं. त्यांनी एक स्वच्छ काचेची टेस्ट ट्यूब घेतली, तिला जेल लावलं, हलकेच स्टोमात सरकवली आणि आत टॉर्चचा उजेड टाकला. मशीन नाही, स्कॅन नाही. रक्तपुरवठा वरवर कमी झालाय की आतपर्यंत, हे बघायची ही साधी जुनी पद्धत. आत अस्तर लाल होतं. म्हणजे आतडं जिवंत होतं. फक्त बाहेरची कड दाबली गेली होती.

कशाने? उत्तर टेबलावर पडलं होतं : ती बेसप्लेट.

मामांना लागते ५७ मिलिमीटरची. त्या आठवड्यात जालन्यात ती मिळाली नाही. मेडिकलवाल्याने ४५ची दिली, 'चालून जाईल' म्हणून. तिच्यात मोठं भोक कापता येत नाही. मामांनी कापता येईल तेवढं कापलं आणि दाबून बसवलं. स्टोमा ३८चा, भोक ३५चं. अवघ्या तीन मिलिमीटरचा फरक. पण तीन मिलिमीटरने चार दिवस गळा आवळला, तर कुणाचाही चेहरा निळा पडेल!

आणि या चार दिवसांत कुणी पाहिलंच नाही. कारण मामांच्या बॅगा अपारदर्शक, कातडीच्या रंगाच्या. पारदर्शकही मिळतात, पण त्यांनी मुद्दाम या निवडल्या होत्या. का? डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मामा खाली बघत म्हणाले, 'ते तोंड दिसू नाही म्हणून.' प्लेट बदलतानाही ते नजर वळवून, अंदाजानेच बदलायचे. त्या रात्री प्लेट गळली, शर्ट खराब झाला, म्हणून मामी पहिल्यांदा आत गेल्या. नाहीतर अजून दोन दिवस गेले असते.

सकाळपर्यंत कड जांभळ्याची गडद लाल झाली. पुढच्या चार-पाच दिवसांत पूर्ववत. 'काही झालं नाही, उगाच धावपळ,' असं मामा म्हणाले, तेव्हा डॉक्टरांनी सुनावलं, 'झालं नाही, कारण तुम्ही रात्री आलात.'

रंग काय सांगतो?

दुसऱ्या दिवशी मी जालन्याला पोचले आणि स्टोमा नर्सना प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं. त्याचं हे सार. फ्रिजवर चिकटवून ठेवा!

• लाल किंवा गुलाबी, ओलसर : उत्तम. तोंडात गालाची आतली बाजू दिसते तसा. पुसताना रक्ताचा एखादा थेंब आला तर घाबरू नका. तिथे बारीक रक्तवाहिन्या भरपूर असतात. हलकं दाबून धरलं की थांबतं. थांबलं नाही किंवा आतून रक्त येतंय असं वाटलं, तर डॉक्टर.

• फिकट, पांढुरका : अंगात रक्त कमी असू शकतं. हिमोग्लोबिन तपासा.

• गडद लाल ते जांभळा : रक्तपुरवठ्याला अडथळा. प्लेट काढा, दाब कशाचा आहे ते बघा आणि लगेच फोन करा. वाट बघायची नाही.

• काळा, राखाडी किंवा काळपट तपकिरी, कोरडा : इमर्जन्सी. थेट हॉस्पिटल. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत हा धोका सर्वांत जास्त, म्हणून तेव्हा बॅग पारदर्शकच लावतात. पण नंतरही हर्निया होऊन आतडं अडकलं किंवा स्टोमा फार बाहेर आला, तर हे होऊ शकतं. शौच-वारा बंद, पोट फुगलेलं आणि उलट्या, असं एकत्र झालं तरीही थेट हॉस्पिटलच.

• तपकिरी झाक : सोनामुखी असलेली पोट साफ करायची चूर्णं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या आतड्यावर अशी झाक येते. ती त्रासदायक नसते. पण ती हीच आहे, हे डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नाही.

आणखी एक गंमत. बीट खाल्लं की बॅगेत लाल दिसतं आणि लोहाच्या गोळ्या चालू असल्या की काळं. हा शौचाचा रंग झाला, स्टोमाचा नव्हे. मामींनी एकदा बीटाची कोशिंबीर केली आणि दुसऱ्या दिवशी घरात आकांत! आता आम्ही हसतो त्यावर.

दुखतं ते कातडीला

मग मामा अधूनमधून आग होते म्हणायचे, ती कुठे? ती सगळी भोवतालच्या कातडीला. स्टोमा मुका असला तरी कातडी चांगलीच बोलते. शौच प्लेटखाली झिरपलं की कातडी सोलवटते, खाज सुटते, आणि ओल्या कातडीवर पुढची प्लेट धड चिकटत नाही. मग पुन्हा गळती. असं हे चक्र.

सगळा खेळ पुन्हा त्या भोकाचा आहे. मोठं कापलं तर कातडी सोलते, लहान कापलं तर स्टोमा घुसमटतो. स्टोमापेक्षा सगळीकडून दोन-तीन मिलिमीटर मोठं, हा हिशोब. ऑपरेशननंतर पहिले सहा ते आठ आठवडे सूज उतरत जाते तसा स्टोमा लहान होतो, म्हणून तेव्हा दर आठवड्याला माप घ्यायचं. नंतरही वजन वाढलं-घटलं की पुन्हा मोजायचं. प्लेटच्या डब्यात मापाचा कागद असतो. तो फेकून देऊ नका.

कोमट पाण्याने पुसायचं आणि टिपून कोरडं करायचं. बस्स. डेटॉल नको, स्पिरिट नको, खोबरेल तेल तर अजिबात नको. तेलावर चिकट काही टिकतच नाही. सोलवटलेल्या जागी स्टोमा पावडर भुरभुरायची आणि जास्तीची झटकायची. लाली अगदी प्लेटच्या आकाराची असेल तर चिकटद्रव्याची अॅलर्जी असू शकते. लालीच्या कडेला बारीक पुटकुळ्या आणि खाज असेल तर बुरशी. दोन्हीचे उपाय वेगळे, तेव्हा घरचे मलम लावत बसू नका. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. ओझ्याने प्लेट सुटते.

आता यात जालना टाका! मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. घामाने तीन-चार दिवस टिकणारी प्लेट दोन दिवसांत सुटते. त्यात मामा नव्या प्लेट्स पत्र्याच्या गोडाऊनमध्ये ठेवायचे. उन्हाने चिकटद्रव्य आधीच मऊ! आता त्या घरात, माठाशेजारच्या कपाटात असतात. पायजम्याची नाडी बरोबर स्टोमावर यायची, तिच्याऐवजी रुंद इलॅस्टिक आलं. बियाण्याची पोती उचलणं बंद, कारण स्टोमाशेजारी हर्निया होतो. ऑपरेशन ठरलेलं असेल तर एक गोष्ट आधीच मागून घ्या : पोटावर जागेची खूण. उभं राहून, बसून, वाकून, नेहमीचे कपडे घालून, पेशंटला स्वतःला दिसेल अशी जागा निवडतात. पाच मिनिटांचं काम, पण पुढची सगळी वर्षं सोपी जातात.

मेळघाटातला डिंक, डेन्मार्कची नर्स

ही काही आजची गोष्ट नाही. १७९३ मध्ये फ्रान्समध्ये ड्यूरे नावाच्या सर्जननी गुदद्वार नसलेल्या तान्ह्या बाळावर कोलोस्टॉमी केली. ते बाळ पुढे ४५ वर्षं जगलं! चित्रकार आंरी मातिस यांचं पोटाचं ऑपरेशन १९४१ मध्ये झालं, कोलोस्टॉमी झाली. रंगीत कागद कापून केलेली त्यांची जगप्रसिद्ध चित्रं बहुतेक त्यानंतरची. चिकटणारी बॅग मात्र फार उशिरा आली. १९५४ मध्ये एलिसे सोरेन्सन या डॅनिश नर्सला ती सुचली, कारण तिची बहीण थोरा ऑपरेशननंतर घराबाहेर पडायलाच तयार नव्हती. वाचलं आणि मला मामाच आठवले.

त्याच दशकात अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकचे डॉ. रूपर्ट टर्नबुल स्टोमाभोवतीच्या कातडीला एक डिंक लावत होते. कराया डिंक! ज्या झाडाचा तो, ते आपल्या सातपुड्यात, मेळघाटात वाढतं. पांढऱ्याफटक खोडामुळे लोक त्याला भुताचं झाड म्हणतात. आपल्या रानातला डिंक तिकडच्या पेशंटची कातडी वाचवत होता, आणि इकडे मामांना मापाची प्लेट मिळत नव्हती. काय म्हणावं?

मोठ्या शहरांत तशी अडचण नाही. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे, तिथे नर्सना याचं खास प्रशिक्षणही मिळतं. ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया मुंबईतच १९७५ पासून काम करते. स्वतः स्टोमा असलेली माणसं तिथे नव्या पेशंटशी बोलतात. पण जिल्ह्याच्या गावी माणसाने जायचं कुठे? बॅग-प्लेटचा खर्च दर महिन्याचा आणि जन्मभराचा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात स्टोमाचं नाव नाही.

म्हणून तुम्ही-आम्ही जे नोकरीसाठी पुण्या-मुंबईला आलोय, त्यांना एक काम सहज जमेल. घरी कुणाला बॅग असेल तर नेमकं माप लिहून घ्या आणि महिनाभराचा जादा स्टॉक इथून पाठवत चला. मी दर महिन्याला पाठवते. ५७चीच!

आरसा

दिवाळीत जालन्याला गेले. बाथरूममध्ये कमरेच्या उंचीवर नवा आरसा लागला होता, शेजारी खिळ्याला छोटा टॉर्च. कॅलेंडरवर मामांच्या अक्षरात, प्लेट बदललेल्या तारखांना गोल, आणि प्रत्येक गोलाशेजारी एकच अक्षर : 'ला'. लाल. बॅगा आता पारदर्शक.

दुपारी डबा घेऊन दुकानात गेले. परतूरकडचा एक शेतकरी मामांशी हळू आवाजात बोलत उभा होता. त्याच्या भावाचं तसलंच ऑपरेशन झालं होतं. भाऊ कुणाशी बोलत नव्हता, बॅगेकडे बघत नव्हता. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग त्याला म्हणाले, 'आत ये.'

गोडाऊनच्या दारातून मला पोत्यांची थप्पी आणि मामांची पाठ तेवढी दिसत होती. शर्टाची खालची दोन बटणं काढल्यासारखं वाटलं.

'हे बघ. भ्यायचं नाही. लाल हाय की नाही? लाल म्हणजे चांगला. तुझ्या भावाला म्हणावं, रोज बघत जा. दुखायची वाट बघू नको.'

मी डबा काउंटरवर ठेवला आणि बाहेर जाऊन थांबले. मामांना म्हटलं, घाई नाही, जेवण होईल सावकाश.